बावन्न वजा सत्तावीस

श्रोतेहो, नमस्कार.

एका मुलाच्या वहीत लिहिलंय : 52 वजा 27, उत्तर 35. चुकलंय, पण नेमकं कुठे? दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातूनच दोन वजा केले. मोठ्यातून लहान काढायचं, हे डोक्यात पक्कं. दशकाकडून उसना घ्यायचा, हे मात्र बसलेलंच नाही. शेजारी बसून दोन मिनिटं समजावलं की सुटतं. नाही समजावलं तर हीच गाठ पुढे भागाकारात जाते आणि मग "मला गणित येत नाही" म्हणून कायमची घट्ट होते.

ही दोन मिनिटं आणायची कुठून? एका वहीला चार मिनिटं धरा. वर्गात 25 मुलं असली तर शंभर मिनिटं, 45 असली तर तीन तास. तेही एकाच विषयाचे. मोठ्या वर्गाचा शिक्षक मग वही वाचत नाही, खुणा करत सुटतो. मीही केल्यात तशा खुणा, आणि त्या करताना वाईट वाटायचंही बंद होतं.

अहवालात 'एका शिक्षकामागे इतके विद्यार्थी' असा आकडा असतो, त्यावर फार जाऊ नका. त्यात कधी वर्ग न घेणारी माणसंही मोजलेली असतात. वर्गातली डोकी मोजावीत.

वर्ग लहान केल्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने 1985 पासून चार वर्षं हे करून पाहिलं. मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वर्गांत वाटून दिली : काही वर्गांत 13 ते 17, काहींत 22 ते 25, आणि काही मोठ्या वर्गांना जोडीला एक मदतनीस. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली. गरीब घरातल्या मुलांना तर जास्तच फायदा झाला. मदतनीस दिलेल्या वर्गात मात्र फारसा फरक दिसला नाही. मला हे सगळ्यात बोलकं वाटतं.

पण लहान वर्ग म्हणजे जास्त शिक्षक. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने खालच्या इयत्तांचे वर्ग वीसवर आणायचं ठरवलं आणि भरतीची एकच झुंबड उडाली. पूर्ण पात्रता नसलेलेही वर्गावर उभे राहिले, आणि अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळा सोडून नव्याने निघालेल्या चांगल्या जागांवर गेले. हेतू चांगला होता, पण माणसं तयार नव्हती.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने 2019 मध्ये उलटी वाट धरली. माध्यमिक वर्गांची सरासरी 22 वरून 28 करायची, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला चार विषय ऑनलाइन सक्तीचे. त्या ऑनलाइन वर्गांची सरासरी 35! मुलं तास सोडून बाहेर आली, शिक्षकांनी संप केले. शेवटी सरासरी 23 वर आणि सक्ती दोन विषयांवर आली. दोन्ही गोष्टी एकाच घोषणेत होत्या, हे विसरू नये.

ऑनलाइनला माझा विरोध नाही. ज्या शाळेला भौतिकशास्त्राचा शिक्षकच मिळत नाही, तिथल्या मुलाला दूरचा शिक्षक पडद्यावर भेटला तर ते वरदानच आहे. माझी तक्रार रिकाम्या जागेवर पडदा लावण्याबद्दल आहे. शिक्षक निवृत्त झाला, जागा भरली नाही, आणि मुलांना लिंक दिली.

2020 साली आपण सगळ्यांनी पाहिलंच. कॅमेरे बंद, नावांचे काळे चौकोन. "आवाज येतोय का?" यातच तासाचा बराच वेळ जायचा. हजेरी मात्र पूर्ण.

आज एखादा प्रोग्रॅम 35 हे उत्तर बघून चूक नेमकी कुठली, हे सांगूही शकतो. ते फार अवघड नाही. पण मुलगा तो खुलासा न वाचताच 'पुढे' दाबतो, आणि चार दिवसांनी उघडायचंच सोडतो. त्याच्या नावापुढे 'निष्क्रिय' असं लिहून येतं. ते वाचून त्याच्या घरी फोन करणारं कुणी आहे का, आणि त्या माणसाच्या यादीत अशी किती नावं आहेत, एवढंच शाळेत जाऊन विचारा.

नमस्कार.