बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा, भोपळ्याचा केशरी

[दृश्य: ताटलीत मोडलेले दोन आप्पे. एक आतून गुलाबी, दुसरा पिवळट तपकिरी.]

दोन्ही आप्पे एकाच बिटाचे, एकाच पातेल्यातल्या पिठाचे. दुसऱ्याच्या पिठात चिमूटभर खायचा सोडा पडला, एवढाच फरक. बिटाच्या रंगाला आंबटपणा मानवतो, सोडा नाही. त्यातून आच लागली की रंग पार उतरतो. म्हणून बीट घालायचं ते आंबलेल्या पिठात, आणि पीठ सोड्याशिवाय फुगलेलं हवं.

3 वाट्या इडलीचे तांदूळ, 1 वाटी उडदाची डाळ, अर्धा चमचा मेथ्या. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे पाच-सहा तास भिजवायचे, वाटून एकत्र करायचे आणि रात्रभर उबेला ठेवायचे. बीट मात्र सकाळी. रात्रीच कालवलं तर रंग मळकट होतो.

[दृश्य: मिक्सरच्या भांड्यात किसलेलं बीट, आल्याचा तुकडा, जिरं.]

कच्चं बीट किसून, पाण्याचा थेंब न घालता, गंधासारखं वाटायचं. आलं-जिरं हवंच, नाहीतर मातकट वास डोकं वर काढतो. 2 वाट्या पिठाला 2 मोठे चमचे वाटण पुरे. गडद रंगाच्या हौसेने जास्त घातलं की पीठ सैलावतं, आप्पे बसके होतात आणि बिटातल्या साखरेमुळे तळाला करपतात. खळग्यात तेलाचे दोन-तीन थेंब, मंद ते मध्यम आच, झाकण ठेवून तीन मिनिटं. उलटून आणखी दोन. वरची कड तांबूस होणारच. गुलाबी रंग बघायचा तो आप्पा मोडल्यावर.

[दृश्य: उकळत्या पाण्यात पालकाची पानं.]

पालकाचं बरोबर उलट. त्याचा हिरवा रंग आंबटात आणि फार वेळ शिजवण्यात शेवाळी पडतो. आंबलेल्या पिठाच्या पालक इडल्या कितीही नीट केल्या तरी थोड्या उदासच दिसतात. त्यापेक्षा घावन बरं: पीठ आंबवायचं नसतं आणि तव्यावर काम मिनिटा-दोन मिनिटांचं.

दहा-बारा पानं उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, अर्धा मिनिट. लगेच गार पाण्यात, मग पिळून हिरव्या मिरचीबरोबर वाटायची. 1 वाटी तांदळाच्या पिठात हे वाटण, मीठ आणि साधारण 2 वाट्या पाणी. पीठ ताकाइतकं पातळ हवं. बिड्याचा तवा चांगला तापू द्या, अर्ध्या कापलेल्या कांद्याने तेल फिरवा आणि पीठ कडेकडून आत ओतत या. जाळी पडली नाही तर तवा तापला नव्हता. शेवटची घावनं जाड आणि चिकट झाली तर पीठ तळाशी बसलं होतं. दर घावनाआधी ढवळायला हवं. लिंबू पिठात नको, चटणीत पिळा.

[दृश्य: किसलेला लाल भोपळा, शेजारी गुळाचा खडा.]

तिसरा रंग जुन्या घरांतला. घारगे करणाऱ्या बायकांनी त्याला कधी 'नैसर्गिक रंग' म्हटलं नाही. भोपळ्याचा केशरी रंग आचेला दाद देत नाही आणि तेलात छान उतरतो, म्हणून कीस आधी चमचाभर तेलावर परतायचा.

2 वाट्या कीस वाफवून मऊ करायचा आणि सुटलेलं पाणी आटवायचं. हे पाणी राहिलं की कणीक जास्त लागते. घारगे फिके आणि चिवट होतात. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ. तो विरघळला की गॅस बंद. पुढे शिजत राहिला तर पाक होतो आणि घारगे गार झाल्यावर दातांची परीक्षा घेतात. कोमट झाल्यावर मीठ, किसलेलं जायफळ, 2 चमचे तांदळाची पिठी, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पाणी अजिबात नाही.

[दृश्य: तेलाचा हात लावून थापलेला घारगा, वर खसखस.]

पुरीपेक्षा जाड थापायचा आणि मध्यम आचेवर तळायचा. तेल धुरावलं की गूळ आधी काळवंडतो, आत पीठ कच्चंच. पहिला घारगा तेलात विरायला लागला तर गूळ जास्त झालाय. उरलेल्या पिठात मूठभर कणीक आणखी मळा.

दूध, दही, तूप यांतलं काहीच कशालाही लागलं नाही. घारग्यावर लोण्याचा गोळा घ्यायची सवय असेल, तर त्या जागी ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी घेऊन बघा.