कोर्स फुकट, पण विचारायचं कुणाला?

[दृश्य: नाशिकची सातपूर एमआयडीसी. मध्यरात्र. सेकंड शिफ्ट सुटलेली.]

हा सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सुटे भाग बनवणारा कामगार, खोलीवर आला की डबा उघडायच्या आधी मोबाइल चार्जिंगला लावतो. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोर्स चालू आहे, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावरचा. शिकवणारे आयआयटीचे प्राध्यापक, फी शून्य. व्हिडिओ तो पाऊणपट वेगानं बघतो. इंग्रजी येतं, पण एक वाक्य डोक्यात मराठीत उतरेपर्यंत सर तिसऱ्यावर पोचलेले असतात. गेले चार दिवस गाडी एकाच जागी अडलीय: लूपच्या आत लूप. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी सूचना.

[दृश्य: मोबाइलचा स्क्रीन. व्हिडिओ मागे, पुन्हा मागे.]

२०११ मध्ये सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या संगणकतज्ज्ञांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला. नाव नोंदवलं सुमारे १,६०,००० जणांनी. शेवटपर्यंत टिकले त्यातले वीसेक हजार. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचे मंच आले. आपल्याकडे २०१७ ला सरकारचा तसाच मंच, स्वयम. आता जगातलं कुठलंही विद्यापीठ खिशात मावणार, असं तेव्हा बोललं जायचं. मावलंही. गळती मात्र थांबली नाही. अशा खुल्या कोर्सला शंभर जण बसले, तर पूर्ण करणारे बहुतेकदा दहासुद्धा नसतात. पोरं आळशी म्हणून सोडतात, असं म्हणणाऱ्यांनी एकदा सेकंड शिफ्ट करून बघावी.

[दृश्य: गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता. मुक्त विद्यापीठाची कमान.]

नाशिकला हे कोडं नवं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगा घरी पोचवायची, पण घोट घशात अडकला तर पाठीवर थाप मारायलाही कुणीतरी हवं, म्हणून गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं निघाली आणि तिथे संमंत्रक बसू लागले. संमंत्रक, म्हणजे ज्याला अडलेलं विचारता येतं असा माणूस. सगळीकडे ही सोय सारखीच चालली असं नाही. पण विचारायला एक दार होतं.

[दृश्य: पुन्हा खोली. भिंतीवर कॅलेंडर.]

व्हिडिओ फुकट, साप्ताहिक असाइनमेंटही फुकट. प्रमाणपत्र हवं तर मात्र केंद्रावर जाऊन परीक्षा, आणि तिची फी हजार रुपये. अर्जाची मुदत पाच तारखेला संपते. पगार सातला होतो.

[दृश्य: रविवार, दुपार.]

शेजारच्या खोलीतला डिप्लोमावाला खाटेवर येऊन बसलाय. व्हिडिओ बंद. ट्रेमधले जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, कसे मोजतोस, तो विचारतो. एक ओळ धरायची, तिच्यातले सगळे जॉब मोजायचे, मग पुढची ओळ.

बाहेरची ओळ, आतले जॉब.

ऑपरेटर मोबाइल उचलतो आणि असाइनमेंटचा तिसरा प्रश्न पुन्हा उघडतो.