उद्या आहात ना?

आमच्या अहिराणीत रस्त्यात भेटलेला माणूस ‘कसा आहेस’ असं फारसं विचारत नाही. तो विचारतो, ‘कथा चालना रे भो?’ कुठे निघालास? शेतात म्हणा, बाजारात म्हणा, तेवढ्यावर भागतं. विचारणारा उत्तर ऐकायला थांबतोच असं नाही. पण माझ्या आयुष्यातलं दीड वर्ष असं गेलं, की हा साधा प्रश्न चुकवायला मी घरामागच्या गल्लीतून, उकिरड्याच्या कडेने जात होतो.

या वाचनालयाने मला ‘जीवनाचं ध्येय’ हा विषय दिला. म्हणून आज दुपारी लवकर आलो आणि वरच्या अभ्यासिकेत तासभर बसलो. तुमच्यातले बरेच जण तिथे होते. प्रत्येक टेबलावर पाण्याची बाटली, भिंतीवर वेळापत्रक, आणि एकाने वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘शेवटचा अटेम्प्ट’. ते अक्षर मी ओळखलं. माझ्याही पुठ्ठ्यावर होतं, आणि तो शेवटचा अटेम्प्ट मी तीन वेळा दिला.

पारोळा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मी मुलगा. धुळ्यात बी.एस्सी. केली आणि स्पर्धा परीक्षांसाठी चार वर्षं पुण्यात राहिलो. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षेत अडकलो. तिसऱ्यांदा पूर्वही निघाली नाही. अठ्ठावीसाव्या वर्षी पुस्तकांची दोन पोती एसटीच्या टपावर टाकून घरी आलो. लोक म्हणायचे, पोराचं ध्येय हुकलं. मलाही तसंच वाटायचं. फार उशिरा लक्षात आलं की लहानपणापासून मला ‘काय व्हायचंय’ एवढंच विचारलं गेलं होतं. ‘काय करायचंय’ आणि ‘कुणासाठी करायचंय’ हे कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. व्हायचं ते झालो नाही, तेव्हा हातात काहीच उरलं नाही. करायचं असं काही असतं, तर ते परीक्षेच्या निकालाने हिरावून नेलं नसतं.

वडील मला काही बोलले नाहीत. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली, तेव्हा ते सकाळी निघताना कापूस वेचायचं एक जास्तीचं फडकं ओट्यावर ठेवून जायचे. संध्याकाळी ते तसंच घडी घातलेलं असायचं आणि ते उचलून आत ठेवायचे. असे आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी मी ते कमरेला बांधलं. का बांधलं, ते आजही सांगता येत नाही. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात, नखांच्या कडेला रक्त येतं. दिवसभरात मी वेचला त्याच्या दुप्पट कापूस शेजारच्या ओळीतल्या म्हातारीने वेचला. पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला झोप लागली. आयुष्याचा अर्थ वगैरे त्या दिवशी सापडला नाही, फक्त झोप लागली. तुम्ही ज्या अवस्थेत आहात, त्यात हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

शेतातल्या कामाचा विषय निघाला की आपल्याकडे बहिणाबाई आठवतातच. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्म. शाळा नाही, अक्षरओळख नाही. तिशीच्या आसपास वैधव्य आलं. जात्यावर आणि शेतात त्या ओव्या रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून ठेवत गेली. १९५१ साली त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं ते १९५२ साली. आज तुमच्या पदवीच्या कागदावर त्यांचं नाव छापलेलं असतं. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त हे वाटतं, की कविता करणं हे आपलं जीवितकार्य आहे असं त्यांनी ठरवलं नसणार. दळण दळायचं होतं. दळताना जे सुचत होतं, ते त्यांनी दाबून टाकलं नाही.

आता अमळनेरकडे या. साने गुरुजी आपल्याला शिक्षक म्हणून माहीत आहेत, पण ते कोकणातल्या पालगडहून अमळनेरला शिक्षक व्हायला आले नव्हते. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, तिथे ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आले. विचार करा, पंचविशीच्या आतला तरुण, जीवनाचं कोडं सोडवायला ग्रंथांमध्ये बसलेला. आणि १९२४ मध्ये तो तिथल्याच हायस्कूलमध्ये मास्तर होतो, पुढे छात्रालय सांभाळायला लागतो. मुलांच्या खोल्या झाडतो, त्यांच्यासाठी हाताने लिहून रोजचं ‘छात्रालय दैनिक’ काढतो. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना कुणीतरी हवं होतं आणि ते समोर होते. माझ्या समजुतीप्रमाणे सान्यांचे ‘साने गुरुजी’ तिथे झाले, त्या छात्रालयात. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

दोन वर्षांनी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार, दर रविवारी गीतेचा एक अध्याय. विनोबा बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. आज ती प्रवचनं आपल्या हातात आहेत ती त्या लिहून घेण्यामुळे. पहिला अध्याय कशाचा आहे? अर्जुनाच्या विषादाचा. एवढा मोठा योद्धा, हातातून धनुष्य गळतंय, काय करावं कळत नाही. म्हणजे ही अवस्था तुमच्या-माझ्या पिढीने शोधून काढलेली नाही, आणि ती दुबळ्यांचीच असते असंही नाही.

विनोबा तिथे स्वधर्माबद्दल, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या कर्तव्याबद्दल सांगतात, की तो शोधत हिंडावं लागत नाही, तो आपल्याजवळ आलेलाच असतो. हे मला पटतं, आणि एका ठिकाणी मी अडखळतोही. याच शब्दाचा आधार घेऊन आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जन्माच्या कामाला जखडून ठेवलं, बायकांना चुलीपाशी बसवलं. ‘जवळ आलेलं’ म्हणजे ‘जन्माने चिकटलेलं’ असा अर्थ कुणी तुम्हाला सांगितला, तर ऐकू नका. मी त्यातलं एवढंच घेतो: डोंगरापलीकडचं भव्य काम दिसत नसेल, तर हाताच्या अंतरावर काय आहे ते बघावं.

एक गोष्ट बोलायची टाळली तर मी तुमच्याशी खोटं वागलो असं होईल. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं जीवन संपवलं. ज्याच्यापाशी काम होतं, माणसं होती, अवघ्या महाराष्ट्राचं प्रेम होतं, त्या माणसाने. म्हणून ‘ध्येय सापडलं की मन खचत नाही’ असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. मनाचं दुखणं हे दुखणं आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगू नये असं वाटतं, तर त्यावर व्याख्यान हा उपाय नाही, माझंही नाही. घरात एका माणसाला सांगा, डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही कुणीतरी बोलायला असतं. हा आकडा आत्ता, माझ्यासमोर, मोबाईलमध्ये लिहून ठेवा. स्वतःला लागणार नसेल तर मित्रासाठी ठेवा. थांबतो मी.

ठेवलात? बरं.

मी पुढच्या वर्षी बी.एड. केलं, तेही दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. नोकरी लागली धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत. सातपुड्यात, बस जिथे संपते तिथून पुढे. मुलं पावरी बोलणारी, पुस्तकं मराठीतली, आणि मी अहिराणीतला. पहिले काही महिने माझं बोलणं त्यांना कळत नव्हतं, त्यांचं मला कळत नव्हतं. सहावीतली दोन मुलं मला दगड, पान, आभाळ दाखवून त्यांच्या भाषेतले शब्द शिकवायची आणि माझा उच्चार ऐकून पोट धरून हसायची. दिवाळीनंतर कितीतरी आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जायचे, त्यांच्याबरोबर काही मुलंही जायची. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा भरत जायच्या. मला तिथे राहायचं नव्हतं, हे स्वच्छ सांगतो. बदलीचा अर्ज लिहून मी खिशात ठेवला होता, शनिवारी तालुक्याला जाऊन द्यायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना झाली, मुलांची मोजणी झाली. सगळी जेवायला गेली आणि एक पाचवीतला मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. त्या वर्षी गणित-विज्ञानाला माझ्याआधी दोन शिक्षक येऊन गेले होते, न सांगता. पोरगा चौकट धरून उभा. तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, ‘सर, तुम्ही उद्या आहात ना?’

त्याला दहा वर्षांचं आश्वासन नको होतं. उद्याचं हवं होतं, आणि तेवढं मला देता येत होतं. मी हो म्हणालो. तो जेवायला पळाला. मी त्या शाळेत पुढे बावीस वर्षं राहिलो, पण त्या संध्याकाळी मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी अपूर्णांक शिकवायचे होते आणि फळ्यावर ते त्यांना कळत नव्हते, एवढंच डोक्यात होतं. म्हणून मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि मावशींना म्हणालो, सकाळी मक्याच्या चार भाकरी जास्तीच्या टाका, मोडून दाखवायच्या आहेत.