डाळीच्या डब्यातली गोळी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते फिट येणाऱ्या मुलींच्या बाळंतपणाबद्दल आणि त्यांच्या गोळ्यांबद्दल. फिट म्हणा, आकडी म्हणा, फेफरं म्हणा, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते. फिट आल्यावर कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच नाही, तोंडात चमचा कोंबायचा नाही, माणसाला कुशीवर वळवायचं, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल. त्यात वेळ घालवत नाही.

माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘‘मॅडम, दिवस राहिलेत, आता गोळी बंद करू ना?’’ आणि खरं सांगायचं तर प्रश्न विचारायला येईपर्यंत बऱ्याच जणींची गोळी बंद झालेलीच असते. म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. स्वतःच्या मनानं फिटची गोळी बंद करायची नाही. पाळी चुकली म्हणून नाही, शेजारीण म्हणाली म्हणून नाही, मोबाइलवर कुणी सांगितलं म्हणून नाही. गोळी बदलायची असेल, कमी करायची असेल, तर ती डॉक्टर करतील. तुम्ही नाही.

आता गोष्ट सांगते. ही मी जिथं तिथं सांगते, आमच्या नर्सबाईंना ती तोंडपाठ झाली आहे.

कोयनेच्या खोऱ्यातलं एक गाव. तिथून एक बाई आली, पन्नाशी ओलांडलेली, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. एकटीच. केसपेपरवर स्वतःचं नाव घातलेलं. आत आली, दार लोटून घेतलं आणि कमरेची पिशवी सोडून टेबलावर गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. पाकिटाच्या कोपऱ्याला हरभऱ्याच्या डाळीचा पिवळा भुगा चिकटलेला.

म्हणाली, ‘‘डॉक्टरीणबाई, ही गोळी माझी न्हाई. सुनंची हाय. डाळीच्या डब्यात ठेवती ती. दोन महिनं झालं, पाकिटातली एक बी गोळी कमी झाल्याली न्हाई.’’

मी पाकीट उलटून बघितलं. लेव्हेटिरासिटाम. फिटची गोळी.

सुनेला चौथा महिना चालू होता. माहेरच्यांनी लग्नात फिटचं सांगितलं नव्हतं. मुलीला बजावून पाठवलं होतं की गोळी कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. बिचारी पोरगी, लग्न होऊन आली तशी डाळीच्या डब्यात तळाशी पाकीट ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून गोळी घ्यायची. आता तुम्हीच सांगा, ज्या घरात बाई तीस वर्षं चूल सांभाळते, त्या घरातल्या डाळीच्या डब्यात काय आहे हे तिला कळणार नाही?

सासूला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तिनं काय केलं, तर रिकामं पाकीट उकिरड्यावरून उचललं आणि बाजारच्या दिवशी मेडिकलमधल्या पोराला विचारलं, ‘‘हे कशावर चालतं रं?’’ तो म्हणाला, ‘‘मावशी, फिटवर.’’ बस. बाई घरी आली आणि कुणाला चकार शब्द बोलली नाही. उलट डाळ संपत आली की भरायचं काम सुनेवरच टाकायची, म्हणजे डब्यात आपला हात जायला नको आणि पोरीला अवघडल्यासारखं व्हायला नको. फक्त अधूनमधून सून पाण्याला गेली की गोळ्या मोजायची.

मी विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला फसवलं असं नाही वाटलं?’’

ती थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, ‘‘माझी थोरली भन फिट येती म्हणून माघारी धाडलेली. लग्नाला सा म्हैनं बी झालं नव्हतं. जलमभर आमच्याच दारात भांडी घासली तिनं. मला काय, माझ्या सुनंला माघारी धाडायची का?’’

पण दिवस राहिले आणि पोरीनं गोळी सोडली. कुणीतरी सांगितलं होतं की फिटच्या गोळीनं मूल अधू होतं. विचारणार कुणाला? आमच्यासारख्या डॉक्टरांकडे यायचं तर घरात काय कारण सांगणार? आशाताईंना सांगावं तर गावभर होईल ही भीती. आणि सासूच्या लक्षात काय आलं ते ऐका. फिट नव्हे. सकाळी चहा घेताना सून कप हातात धरून तशीच थिजलेली. डोळे एकाच जागी, ओठ चघळल्यासारखे हलतायत, हाक मारली तर ओ नाही. थोड्या वेळानं भानावर आली आणि चहा सांडलेला बघून स्वतःच चकित झाली. सासूनं फरशी पुसली आणि दुसऱ्या दिवशी पहिली एसटी पकडली.

श्रोतेहो, हातपाय झाडत खाली पडणं म्हणजेच फिट असं नाही. असं थिजणं, ओठ चघळणं, भान हरपणं, हीसुद्धा फिटच. मोठी फिट त्याच्या मागून येऊ शकते. आणि गरोदर बाईला मोठी फिट म्हणजे पडणं, पोटाला मार, बाळाला मिळणारा ऑक्सिजन कमी होणं. गोळी एकाएकी सोडल्यावर फिटमागून फिट येत राहिल्या तर दोघांच्याही जिवावर बेततं.

मी म्हटलं, उद्या सुनेला घेऊन या, आणि मुलालाही. तर म्हणाली, ‘‘पोराचं माझ्यावर सोपवा.’’ काय सांगितलं, कसं सांगितलं, कुणास ठाऊक. तिघं आली. मुलगा गप्प, जरासा रागावलेला, पण आला. पोरगी रडून रडून डोळे सुजवून. मी तिला सांगितलं की बाई गं, तू ज्या गोळीला घाबरलीस ती गरोदरपणात सगळ्यात बऱ्या मानल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी एक आहे. ती सासूकडे बघायला लागली. सासू म्हणाली, ‘‘आता डाळीच्या डब्यात न्हाई ठेवायची. देवघराच्या फळीवर ठेव. मी दिवा लावताना आठवण करीन.’’

पुढं सगळं नीट झालं. वेळच्या वेळी सोनोग्राफी, पाचव्या महिन्यातली तर मी स्वतः दोनदा बघितली. मुलगी झाली, सिझर न होता. फिट येतात म्हणून सिझरच करावं लागतं असं काही नाही, हे जाता जाता ऐकून ठेवा. आणि बाळंतपणानंतर सासूनं जो कायदा काढला तो मी नंतर कितीतरी घरांत सांगितला. बाळाला अंघोळ सासू घालणार, पायावर घेऊन, आणि सून शेजारी बसून पाणी ओतणार. पाजायचं ते खाटेवर नाही, जमिनीवर गादी घालून, भिंतीला टेकून. आणि रात्री बाळ उठलं की पाजण्यापुरतं आईला उठवायचं, बाकी झुलवणं, दुपटी बदलणं सासूकडे. मी म्हटलं, ‘‘मावशी, तुम्हाला झेपेल का?’’ तर म्हणाली, ‘‘रानातल्या मोटरीला लाईट रात्रीचीच असती. म्या तशी बी जागीच असते.’’

बाईला वाचता येत नव्हतं. पण बाळंतिणीची झोप मोडली की फिट बळावते, हे तिला मी सांगायच्या आधी कळलेलं होतं, बहिणीमुळे.

असो. गोष्टीनं बराच वेळ खाल्ला. आता कामाचं भरभर सांगते.

फिट येणाऱ्या दहातल्या नऊ जणींना निरोगी मूल होतं. दहातल्या नऊ. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत 1998 पासून अशा मातांची नोंदवही ठेवली जाते, गरोदरपणापासून मुलं मोठी होईपर्यंत. म्हणजे हे सगळं परदेशातल्या बायकांवरून सांगतेय असं समजू नका.

मात्र सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. एक नाव लक्षात ठेवा: व्हॅल्प्रोएट. सोडियम व्हॅल्प्रोएट. ही गोळी फिटवर फार गुणकारी, पण पोटातल्या बाळासाठी सगळ्यात वाईट. एरवी शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः मोठं व्यंग असतं. आई व्हॅल्प्रोएटवर असेल तर शंभरात दहाच्या आसपास. शिवाय अशा मुलांपैकी शंभरात तीस-चाळीस मुलं बोलण्यात, शिकण्यात, वाढीत मागे पडू शकतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम या गोळ्यांनी व्यंगाचा धोका जवळपास इतर बायकांएवढाच राहतो. म्हणून घरात वयात आलेली मुलगी असेल आणि ती व्हॅल्प्रोएटवर असेल, तर लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारा की ही बदलता येईल का. काही मुलींना दुसरी गोळी लागू पडत नाही, तिथे डोस कमीत कमी ठेवतात. आणि व्हॅल्प्रोएटवर असताना दिवस राहिले तरी, पुन्हा सांगते, मनानं बंद करायची नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

आधी विचारा असं मी का म्हणते? बाळाचा मेंदू आणि कणा जिच्यातून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना कळलेलंही नसतं. म्हणजे दिवस राहिल्याचं कळल्यावर गोळी सोडून त्या बाबतीत काही वाचत नाही, फिट मात्र वाढते. फॉलिक ॲसिडची गोळीही म्हणूनच आधीपासून, मूल हवं ठरवल्यापासून. फिट येणाऱ्यांना आम्ही बहुधा 5 मिलिग्रॅमची देतो. सरकारी लाल गोळीत फॉलिक ॲसिड असतं, पण ते अर्धा मिलिग्रॅम. तेवढ्यावर विसंबू नका.

आता थोडं विषयाबाहेर. लग्नाच्या बायोडेटात रास असते, नाडी असते, रक्तगट असतो, मामाचं आडनाव असतं. आजार कुठेच नसतो. फिट येतात एवढ्यावरून लग्न रद्द ठरवायची तरतूद हिंदू विवाह कायद्यात पूर्वी होती, ती 1999 साली काढून टाकली. कायदा सुधारून पाव शतक झालं, बायोडेटा आहे तिथंच. आणि डोहाळजेवणं! फोटोवाला येईपर्यंत सात महिन्यांची पोरगी फुलांच्या झोपाळ्यावर उपाशी बसलेली. एकीची रात्रीची गोळी त्या धनुष्यबाणाच्या फोटोपायी चुकली. गोळीची वेळ झाली की झोपाळ्यावरसुद्धा घ्यायची, हे मी त्या फोटोवाल्याच्या तोंडावर सांगितलंय. आणखी एक, मेडिकलवाला ‘तेच कंटेंट आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी देतो. फिट आटोक्यात असेल तर आधी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, मगच घ्यायची.

उलट्यांचं विचारता ना? गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली, तर परत घ्यायची. बराच वेळ गेला असेल तर नाही. सकाळी मळमळत असेल तर गोळीची वेळ सरकवता येते, विचारून.

आणि हे नीट ऐका. पाचवा महिना उलटल्यावर गरोदर बाईला फिट आली, तर ‘हिला नेहमीच येते’ म्हणून घरी थांबायचं नाही. रक्तदाब वाढूनही गरोदरपणात झटके येतात, तो आजार वेगळा, त्याचं औषध वेगळं, आणि घरात बसून फरक कळत नाही. 108 ला फोन करा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, तिथं रक्तदाब तर बघतातच, तुम्ही तुमच्या फिटच्या गोळ्यांचं पाकीटही दाखवा. नाव सांगू नका, पाकीट दाखवा. पांढरी गोल गोळी म्हटल्यावर आम्हाला काही कळत नाही.

अंगावर पाजायचं का? हो, पाजायचं. बहुतेक गोळ्यांवर पाजता येतं. फिटची गार्डिनल नावाची गोळी घेणारीचं बाळ फार झोपाळू वाटलं, दूध ओढेनासं झालं, तर दाखवायचं.

शेवटचं, लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांसाठी. गरोदरपणात शरीर ही गोळी झपाट्यानं बाहेर टाकतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. बाळंतपण झालं की दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं आणि तोच वाढवलेला डोस जास्त व्हायला लागतो. मग गरगरतं, चालताना तोल जातो, एकाच्या जागी दोन दिसतात. घरचे म्हणतात ओली बाळंतीण आहे, अशक्तपणा असेल, डिंकाचे लाडू द्या. लाडू जरूर द्या, पण डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा आणि डोस कसा खाली आणायचा ते कागदावर लिहून घ्या. खरं तर तो कागद बाळंतपणाच्या आधी, आठव्या महिन्यातच मागून ठेवायचा. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर तिथल्या तिथं वाचून घ्या. नमस्कार.