सॉफ्टवेअर बंद केलं, मग नोंदी गेल्या कुठे?

माझी बरीचशी नोकरी मुंबईत सरकारी इमारतींच्या देखभालीत गेली, म्हणजे गळती, प्लास्टर, टाक्या, लिफ्ट, त्यामुळे आज बोलणार ते त्यावरच. ऑफिसचं नाव घेत नाही. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं, प्रत्येक तक्रार त्यात टाकायची, कुठली बिल्डिंग, कुठला मजला, काय काम केलं, खर्च किती. मग व्हेंडरची एएमसी, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा देखभालीचा वार्षिक करार, संपली, नवीन पोर्टल आलं आणि जुन्यातलं त्यात काय आलं तर इमारतींची नावं आणि पत्ते, बस. तक्रारींचा इतिहास आलाच नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण हिशेब तपासणाऱ्यांना बिलं आणि मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची वही) हवं असतं, ते कपाटात होतंच.

आता हा इतिहास लागतो कशाला ते सांगतो. आपली हवा खारी, त्यात चार महिने पाऊस. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मग काँक्रीट आतूनच फुटतं आणि ढलपे पडायला लागतात. समजा तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच संडासाची तक्रार चार पावसाळे लागोपाठ आली. सुटी सुटी बघितली तर दरवेळी शेरा एकच, वॉटरप्रूफिंग केलं, तक्रार बंद. पण त्याच चार ओळी एकाखाली एक दिसल्या ना, तर नवख्या ज्युनिअर इंजिनिअरलाही कळतं की इथे प्लास्टर काढून सळया बघायला पाहिजेत. आमच्या हातून नेमक्या त्या ओळी गेल्या, आणि ते माझ्या मनाला अजून लागतं.

माझगावची बाबू गेनू मार्केटची बिल्डिंग आठवा, 27 सप्टेंबर 2013, सकाळची वेळ, अख्खी इमारत कोसळली, 61 माणसं गेली. ती महापालिकेची स्वतःची इमारत होती आणि राहणारी तिच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबं. खालच्या गाळ्यात केलेल्या बदलांचा मुद्दा नंतर तपासात आला. म्हणजे मालक सरकारी असला तरी कुठे काय तोडलं, काय बांधलं याची नोंद कुणीतरी सतत बघत राहावीच लागते. महापालिका कायद्याच्या कलम 353-ब प्रमाणे 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, बरोबर आहे, पण ऑडिटर येणार एखाद्या दिवशी, हातोडीने ठोकून बघणार, आणि आधीच्या पंधरा वर्षांत काय झालं हे त्याला सांगणार कोण?

21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागद जळतात हे सगळ्यांना दिसलं. सर्व्हर बंद करतात तेव्हा बाहेर कुणाला काहीच दिसत नाही.

कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारी यंत्रणा, सरकारी संगणक प्रणालीही तपासतं, अहवाल विधिमंडळात जातो, लोकलेखा समिती प्रश्न विचारते, पण हे सगळं होईपर्यंत बॅकअपच्या टेप कुठे पडल्यात कुणाला आठवत नाही. माझं म्हणणं एवढंच की प्रणाली बंद करायच्या आधी पूर्ण डेटा साध्या, उघडता येणाऱ्या फाइलमध्ये खात्याच्या ताब्यात आलाय का हे एका जबाबदार अधिकाऱ्याने तपासून सही करावी, आणि तोपर्यंत व्हेंडरचं शेवटचं बिल काढू नये. ही अट टेंडरमध्येच पाहिजे, नंतर कोण ऐकतो.

तुमच्यापैकी कुणी सरकारी वसाहतीत राहत असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. तीनच गोष्टी विचारा: जुनी प्रणाली कधी बंद झाली, तिच्यातल्या नोंदी आज कुणाच्या ताब्यात आहेत, आणि माझ्या बिल्डिंगच्या सगळ्या तक्रारींची प्रत द्या.