उसण, पायाळू आणि मालीशवाल्याचा हात

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत फिजिओथेरपिस्ट वक्त्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. आधी जरा हात वर करा बघू. इथे पायाळू कोण कोण आहे? त्या मागच्या काकू, खांबाजवळचा तो मुलगा, आणखी दोघं. चार. म्हणजे गावात कुणाला उसण भरली तर सोय आहे.

तरुण मंडळींसाठी सांगते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आणि बादली उचलताना किंवा नुसतं शिंकताना पाठीत अशी चमक भरते, की माणूस आहे तिथेच वाकलेला राहतो आणि श्वास घेतला तरी कळ येते, ती उसण. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. आमच्या वाड्यात अशा एक आत्या होत्या. सकाळी सकाळी लोक वाकत वाकत यायचे, पडवीत पालथे झोपायचे. आत्या खांबाला धरून तीनदा पाय लावायच्या आणि चुलीकडे परत जायच्या. पैसे घेत नसत. आणि लोक बरे व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कॉलेजात गेल्यावर कळलं की साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. आणि माणूस औषध शोधायला बाहेर कधी पडतो? दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. शिगेवरून ते खालीच येणार. त्या दिवशी तुम्ही लाथ खा, लेप लावा, नाहीतर माझ्याकडे या. श्रेय ज्याच्याकडे गेलात त्याला मिळतं. हा हिशेब मी आत्यांना लावते तसा स्वतःलाही लावते. तीस वर्षांत माझ्याकडे येऊन बरे झालेल्यांपैकी कितीजण माझ्यामुळे बरे झाले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण एवढं सांगून विषय संपत नाही. कारण आत्यांनी पाय लावला की त्याच मिनिटाला माणूस थोडा सरळ व्हायचा. तो आठवडाभर थांबलेला नसायचा. मग त्या मिनिटात काय होत होतं?

मूल पडलं, गुडघा आपटला, की आई काय करते? चोळते. कुणी शिकवलेलं नसतं. 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी याला एक उत्तर सुचवलं. वेदनेची बातमी बारीक नसांमधून मज्जारज्जूत येते, स्पर्शाची आणि दाबाची जाड नसांमधून. मज्जारज्जूत एक दार आहे असं समजा. जाड नसांची गर्दी झाली की दार ओढलं जातं आणि वेदनेची बातमी मेंदूकडे कमी जाते. शिवाय मेंदूही वरून ते दार ढकलू शकतो. भीती असेल तर उघडतो, धीर आला तर लोटून घेतो. त्या कल्पनेतले तपशील पुढे पुष्कळ बदलले, पण मूळ गोष्ट टिकली. दुखणं ही नुसती खालून वर जाणारी तार नाही.

त्वचेत आणखी एक नस आहे, अगदी संथ. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाने, हलक्या हाताने कुणी कुरवाळलं, तर ती सर्वांत जास्त जागी होते. आपण पोराच्या पाठीवरून हात फिरवतो तो वेग घरी मोजून बघा. साधारण तेवढाच निघेल.

आता बाम. अमृतांजन मुंबईत 1893 साली निघालं, म्हणजे आपल्या पणजीच्याही डोक्याला ते लागलेलं असणार. लोक म्हणतात, बामने आत गरम होतं. आत फारसं काही तापत नाही. थंडी ओळखणारी जी प्रथिनं नसांच्या टोकांवर असतात, त्यातलं एक पुदिन्याच्या सत्त्वाने फसतं. उष्णता ओळखणारं दुसरं एक मिरचीतल्या तिखटाने फसतं. मिरचीचं हे कोडं ज्यांनी सोडवलं त्या डेव्हिड ज्यूलियस यांना, आणि दाबाची जाणीव शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. तेव्हा बाम चोळणं हे अडाणीपणाचं लक्षण नाही. मात्र काही बामांमध्ये ॲस्पिरिनच्या नात्यातलं औषध असतं आणि ते कातडीतून रक्तात जातं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसातून चारदा थापू नका.

बिब्बा हा याचाच आडदांड भाऊ. दुखऱ्या गुडघ्यावर बिब्ब्याचं तेल लावायचं, तिथे आग होते आणि जुनं दुखणं काही काळ मागे पडतं. एक वेदना दुसरीला दाबते, हे खरंच घडतं. पण बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, पाणी सुटतं. मधुमेह असलेल्या एका आजोबांची अशी जखम भरून यायला दोन महिने लागलेले मी पाहिलेत. चांगल्या कामात बिब्बा घालणे म्हणतात ते उगाच नाही.

माझे स्वतःचे आजोबा तालमीत मालीश करायचे. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं 1912 साली, त्या मैदानात उतरलेल्या पैलवानांची अंगं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांचं म्हणणं, तेल हाडापर्यंत मुरतं. मुरत नाही. तेल कातडीच्या वरच्या थरातच राहतं. ते असतं हात सरकावा म्हणून, आणि कोमट असलं तर बरं वाटावं म्हणून. खोबरेल की तिळाचं की महागडं नारायण तेल, यावर घराघरात वाद होतात. माझं मत विचाराल तर जे परवडतं, ज्याचा वास आवडतो आणि ज्याने अंगाला खाज सुटत नाही ते. मालीशने अंगातलं ‘आम्ल’ पिळून निघतं असंही सांगतात. व्यायामानंतर स्नायूंत साठणारं ते लॅक्टिक आम्ल शरीर तासा-दोन तासांत स्वतःच संपवतं.

पण आजोबांचा एक नियम मला फार पुढे उमगला. मालीश झाली की पैलवानाला ते तिथे झोपू देत नसत. ‘आता अंग मोकळं झालंय, हालव,’ म्हणायचे, आणि थोड्या बैठका काढायला लावायचे. तेलाबद्दल त्यांचं चुकलं असेल, पण या नियमाबद्दल त्यांचं काडीचंही चुकलं नाही. मी आज जे सांगायला आले आहे ते एवढंच आहे. हाताने मिळालेला आराम ही थोडा वेळ उघडलेली खिडकी असते. तेवढ्यात हललात तर फायदा, नाहीतर संध्याकाळी ती पुन्हा लागते.

आता जरा अप्रिय बोलते. ‘नस बसवली’, ‘चकती सरकली होती, ती बसवली’, ‘मणका जागेवर आणला’. दोन मणक्यांमधली चकती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही आणि अंगठ्याने बसत नाही. खांदा निखळला तर तो बसवावा लागतो, ते वेगळं, आणि तेही एक्स-रे काढून. ही ‘बसवण्याची’ भाषा आपल्याच हाडवैद्यांची आहे असं समजू नका. अमेरिकेत 1874 मध्ये अँड्र्यू स्टिल यांनी ऑस्टिओपथी मांडली, 1895 मध्ये डॅनियल पामर यांनी कायरोप्रॅक्टिक. तिथेही सुरुवात हाडं जागेवर आणण्यापासूनच झाली. पाठीला झटका दिला की ‘कट्’ वाजतं, आणि पेशंटला वाटतं, बसलं बुवा. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. बोटं मोडताना येतो तोच. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठाहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्या हाताशी तुलना केली. संधिवात कुठेच नव्हता. 2009 मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं.

पाठीच्या झटक्याने काहींना आराम पडतो, हे खरं आहे. मान मात्र वेगळी. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात. जोराच्या पिळाने त्यांचं अस्तर फाटू शकतं आणि पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं. पण दाढीचे पैसे दिल्यावर फुकट मिळणाऱ्या ‘कडक्’साठी तेवढाही धोका का घ्यायचा? केस कापून झाले की ‘मान नको’ एवढं म्हणायला शिका. आणि हाड मोडल्यावर बांबूच्या कामट्यांनी आवळून बांधलेला हात निळा पडत असेल, बोटं बधिर होत असतील, तर ते बंधन तासाच्या आत सुटलं पाहिजे. त्या हातांची बोटं पुढे कायमची आखडलेली मी पाहिली आहेत.

हाडवैद्यांना बोलले, आता आमच्या घरात येते. आमचा व्यवसाय मालीशमधूनच जन्मला. 1894 साली लंडनमध्ये मालीशच्या नावाखाली भलते धंदे चालतात अशी ओरड झाली, तेव्हा चार नर्सबाईंनी प्रशिक्षित मालीशकारांची संस्था काढली. तीच पुढे इंग्लंडची फिजिओथेरपीची मुख्य संस्था झाली. आपल्याकडे पहिली शाळा मुंबईत, केईएममध्ये, 1953 साली. आणि आज आमच्यातल्या पुष्कळांना हात लावायलाच वेळ नाही. पेशंट आला की मशीन. ‘करंट’ लावा, ‘शेक’ लावा, वजन लटकवा, पट्टा बांधा, दहा दिवस या. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या अखेरीस जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं. त्यात वजन लावून ओढणं, पट्टा, अल्ट्रासाऊंड आणि करंटचं मशीन यांची शिफारस नाही. व्यायाम, माहिती देणं, आणि हो, मालीश आणि हाताने केलेले मणक्याचे उपचार यांना जागा आहे. मालीशचा पुरावा फार भक्कम नाही, हेही तिथे म्हटलंय. तरी माझ्या आजोबांचा हात यादीत आहे आणि माझ्या क्लिनिकच्या कोपऱ्यातलं ते लाखभराचं यंत्र यादीत नाही. मी ते अजून विकलेलं नाही. पेशंट विचारतात, ‘मॅडम, मशीन नाही लावणार?’

सुयांबद्दल नेहमी विचारतात. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉक्टर बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून आले आणि ते भारतात आणणाऱ्यांत त्यांचं नाव आघाडीवर आहे. जर्मनीत याची मोठी चाचणी झाली, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीचे 1162 रुग्ण, तीन गट. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या खोट्या सुयांनी 44.2 टक्क्यांना. आणि गोळ्या, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. आता यातून काय घ्यायचं? सुईवाले म्हणतात, आम्ही जिंकलो. टीकाकार म्हणतात, कुठेही टोचलं तरी चालतं, मग शास्त्र कसलं? मला तिसरंच दिसतं. अर्धा तास कुणीतरी शांतपणे तुमच्याजवळ थांबलं, अंगाला हात लावला, पुन्हा या म्हणालं, याचं वजन आमच्या घाईच्या चिठ्ठीपेक्षा जास्त भरलं.

तुंबडीचं, म्हणजे कातडीवर पेला लावून हवा ओढून घेतात त्याचं, तसंच. सुश्रुतसंहितेत दुधी भोपळ्याची तुंबडी आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर गोल लाल डाग दिसले आणि शहरांत ती पुन्हा आली, या वेळी प्लास्टिकची आणि महाग. थोडा आराम पडतो. तुमच्या पाठीला तुंबडी लावता लावता कुणी स्वतःची भरून घेत नाही ना, तेवढं बघा.

गुडघ्यांवर मात्र मी थांबणार आहे, कारण निम्मं सभागृह त्यासाठीच आलंय. सांध्याच्या कुर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिनी नसते. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, दाबलं-सोडलं की स्पंज भिजावा तसं. म्हणजे ‘गुडघे झिजलेत, आता जपून बसा’ हा सल्ला गुडघ्याला उपाशी ठेवतो. माझ्याकडे एक आजी यायच्या, वय 68. रोज सकाळी मालीशवाली बाई येऊन पाय रगडून जायची, आणि मग आजी दुपारपर्यंत पडून. मुलगा म्हणाला, मॅडम, ती मालीश बंद करायला सांगा. मी नाही सांगितलं. त्या बाईलाच बोलावून घेतलं. म्हटलं, तेल लावून झालं की आजींना उंच खुर्चीवर बसवायचं आणि हाताचा आधार न घेता उठ-बस, पहिल्या आठवड्यात पाचदा. मग मोजत मोजत वाढवायचं. मालीशवाली माझ्यापेक्षा कडक निघाली. तीन महिन्यांनी आजी जिना चढून देवळात गेल्या. गुडघ्यात दुखतंच, असं त्या म्हणाल्या. पण जातात.

आणि हे विसरू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप, वजन उतरणं, यात मणक्याचा क्षय असू शकतो. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी इस्पितळ. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. आणि बिननावाची पुडी घेऊन दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे झाले, तर आनंद मानू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं पुन्हा पुन्हा सापडलेलं आहे.

चिठ्ठ्या आल्यात. ‘शेक गरम की थंड?’ ताजी दुखापत, सूज आहे, तर पहिले एक-दोन दिवस बर्फ चालेल. जुनं दुखणं, आखडलेपण, तर गरम. आणि ज्याने बरं वाटेल ते.

ही शेवटची. ‘माझी आई 74 वर्षांची आहे आणि पायाळू आहे. लोक अजून उसणीसाठी येतात. तिने पाय लावावा का?’ लावू द्या, पण हळू, आणि आलेल्या माणसाला नंतर अंगणात चार फेऱ्या मारायला सांगा. फक्त आईंना एका पायावर उभं राहताना काहीतरी घट्ट धरायला द्या. त्या माणसाच्या पाठीपेक्षा मला त्यांच्या खुब्याची काळजी जास्त आहे.