खिडकीच्या आतला माणूस

समोर बहुतेक फार्मसी शिकणारी, डी. फार्म., बी. फार्म.ची पोरं-पोरी दिसताहेत, म्हणून थेट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीवरच येतो. नागपूर जिल्ह्यात भिवापूर, कुही या भागांत मी बरीच वर्षं त्या खिडकीच्या आत बसलो. कागदोपत्री आपण औषध निर्माण अधिकारी, गावासाठी मात्र कंपाउंडर. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मैदानी भागात एका केंद्रामागे 30,000 लोकसंख्या धरतात, आदिवासी भागात 20,000. डॉक्टरांना एका पेशंटसाठी दोन मिनिटं मिळाली तरी खूप. न विचारलेले सगळे प्रश्न मग खिडकीवर येतात.

बीपीच्या एक आजी होत्या. एकदा त्यांनी पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. आत अम्लोडिपिन या बीपीच्या औषधाच्या दोन पट्ट्या, एक पांढऱ्या गोळ्यांची, एक गुलाबी. पुरवठा करणारी कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो, औषध तेच असतं. आजींनी आपला अर्थ लावला होता, "पांढरी तर जुनीच हाय, अन् हे गुलाबी डॉक्टरसायबानं वाढवून देल्ली." दोन्ही घेत होत्या. घोटे सुजलेले, उठलं की भोवळ. आणि ती गुलाबी पट्टी महिन्याभरापूर्वी मीच काही न बोलता त्यांच्या हातात ठेवली होती. बाहेर रांग होती, हे खरं. पण चूक माझीच. तेव्हापासून कंपनी बदलली की मी जुनी पट्टी मागून घ्यायचो, नवीच्या शेजारी ठेवायचो आणि पेशंटकडूनच वदवून घ्यायचो, की यातली एकच घ्यायची.

ओआरएसचंही तसंच. पुडी असते एक लिटरची, घरात असतो पेला. आई अर्धी पुडी पेल्यात टाकते. पाणी खारट होतं, लेकरू थुंकतं, आणि घट्ट द्रावण पोटात गेलंच तर अपायच. झिंक 14 दिवस द्यायचं असतं, पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फळीवर जातात.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं खोकल्याच्या सिरपनंतर किडन्या निकामी होऊन आपल्या नागपुरात आली. कितीतरी घरी परतली नाहीत. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषानं 14 जणांचा जीव गेला होता, तेव्हा ते ग्लिसरीनमधून आलं. बाटलीतलं विष फार्मासिस्टला डोळ्यांनी दिसत नाही, ते तपासणं प्रयोगशाळेचं काम. पण त्या सिरपमध्ये असतं तशा सर्दीच्या औषधांच्या मिश्रणावर '4 वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला केंद्र सरकारनं डिसेंबर 2023 मध्येच सांगितलं होतं. ती बारीक अक्षरं आई वाचणार नाही. तुम्ही वाचायची, आणि चिठ्ठी डॉक्टरांची असली तरी आत जाऊन विचारायचं. कोणत्या बॅचची बाटली कोणाच्या घरी गेली हेही लिहून ठेवा. घरोघरी जाऊन बाटल्या परत आणायची वेळ आली तर तेवढाच आधार असतो.

फार्मासिस्टचं पद रिकामं असलं की शिपाई गोळ्या वाटतो. 1948 च्या फार्मसी कायद्याला ते मंजूर नाही, मलाही नाही.

प्रशिक्षणाला केंद्रात जाल तेव्हा एक लिटरचं भांडं सोबत न्या. खिडकीत ठेवा, आणि येणाऱ्या प्रत्येक आईला पुडी त्यात तिच्याच हातानं फोडू द्या.